गाळा नंबर तीन आणि समोरचा वडा

दुकानाचं उद्घाटन करावं तर आपल्या माणसांनी. झेंडूचं तोरण, नारळ, पेढे, फ्लेक्सवर 'शुभेच्छुक' म्हणून हात जोडून उभा असलेला सगळा भाऊबंदकीचा गोतावळा, नगरसेवकाच्या हातात कात्री आणि कात्रीला धार नसल्यामुळे शेवटी ओढून तोडलेली फीत. सत्यनारायण होतो. पहिल्या दिवसाचा गल्ला मोजताना घरच्यांचे डोळे भरून येतात, कारण तो गल्ला घरच्यांनीच भरलेला असतो. इथवर सगळं उत्तम चालतं. घोटाळा एवढाच, की दुसऱ्या दिवशी सकाळी शटर पुन्हा उघडावं लागतं. तिसऱ्या दिवशीही. आणि त्या दिवशी नगरसेवक येत नाहीत.

आमच्या सोसायटीच्या तळमजल्यावर रस्त्याकडे तोंड करून चार गाळे आहेत. पहिल्यात दवाखाना, दुसऱ्यात झेरॉक्स, चौथ्यात चेअरमनच्या मेव्हण्याचं इस्टेट एजन्सीचं ऑफिस. ही तिन्ही वर्षानुवर्षं तशीच असल्यामुळे त्यांच्याबद्दल लिहिण्याजोगं काही नाही. लिहिण्याजोगा आहे तो गाळा नंबर तीन. त्याने मस्तानी पाहिली, मोबाइलची कव्हरं पाहिली, सेंद्रिय भाजी पाहिली, तंदूर चहा पाहिला, मध्यंतरी पूजासाहित्य पाहिलं आणि मग मोमो पाहिले. त्या गाळ्यावर कायमचं पोट चालतं ते फक्त फ्लेक्सवाल्याचं. तो आता जुना फ्लेक्स काढताना नव्या मालकाला सांगतो, "साहेब, खिळे तसेच ठेवतो. पुढच्या वेळी उपयोगी पडतात."

गाळा नंबर तीनमधल्या प्रत्येक धंद्याचा दिनक्रम एकाच वाटेने जातो. पहिल्या महिन्यात शटर आठला वर जातं. मालक स्वतः पायरी धुतो, उदबत्ती ओवाळतो, समोरून जाणाऱ्या अनोळखी माणसालाही नमस्कार करतो. दुसऱ्या महिन्यात साडेनऊ होतात आणि नमस्कार फक्त ओळखीच्यांना उरतो. तिसऱ्या महिन्यात मालकाच्या जागी एक मुलगा दिसू लागतो. त्याला काहीही विचारलं तरी तो "शेठ आत्ता येतील" असं सांगतो. चौथ्या महिन्यात शटर अर्ध्यावर थांबतं. अर्धं शटर हा मोठा गूढ प्रकार आहे. दुकान उघडतंय की बंद होतंय, हे आत वाकून पाहणाऱ्यालाही कळत नाही, आणि आतल्यालाही ते नक्की ठाऊक नसावं. शेवटी एक कागद चिकटतो : 'घरगुती अडचणीमुळे दुकान आज बंद राहील.' कागदावर तारीख नसते. त्यामुळे तो 'आज' गौरी-गणपतीत सुरू होऊन दिवाळीपर्यंत पुरतो.

सरकारने छोट्या धंद्यांसाठी २०१५ साली मुद्रा योजना काढली, तिच्यात कर्जाच्या पायऱ्यांना 'शिशु', 'किशोर' आणि 'तरुण' अशी नावं दिली. पन्नास हजारांपर्यंत शिशु, त्यापुढे पाच लाखांपर्यंत किशोर. हे नामकरण करणाऱ्याने गाळा नंबर तीन पाहिला असावा असं मला वाटत राहतं. तिथला एकही धंदा शिशु अवस्थेतून बाहेर पडला नाही. बारशालाच गर्दी झाली तेवढी.

रस्त्याच्या पलीकडे मात्र वडेवाले काका आहेत. सहा फुटांची टपरी, मागे निळी ताडपत्री, पुढे एक कढई. सकाळी सात ते साडेअकरा, दुपारी चार ते साडेसात, गुरुवारी बंद. माल एकच, बटाटेवडा. पावात हवा तर पावात, नको तर कागदावर. पहिला पाऊस पडला की रस्त्यावरच्या प्रत्येकाला कांदाभज्यांचा उमाळा येतो आणि दर वर्षी कुणीतरी काकांना विचारतो, "काका, आज भजी नाही?" काका झारा न थांबवता सांगतात, "पाऊस मला विचारून येत नाही." टपरीवर पाटी आहे, 'आमची कोठेही शाखा नाही.' पुण्यात ही पाटी अभिमानाने लावतात. काकांच्या बाबतीत ती निव्वळ माहिती आहे. दुसरी शाखा काढायची तर दुसरे काका लागतील.

आता वाचक म्हणेल, यात काय मोठंसं? एकच पदार्थ तर करायचा, तोही रोज तसाच. मलाही तसंच वाटायचं. म्हणून एकदा दुपारी गिऱ्हाईक नसताना काकांना विचारलं, की रोज तेच तेच करून कंटाळा येत नाही का. त्यावर त्यांनी जे ऐकवलं, ते लघुउद्योग प्रशिक्षणाच्या कुठल्याही वर्गात सांगत नसतील.

"तेच कोण करतंय?" ते म्हणाले. "बटाटा तोच असतो का?"

नसतो. शीतगृहातला बटाटा थंडीत राहून गोडसर होतो. त्यातल्या पिठाची साखर होते, आणि असा बटाटा तेलात गेला की आत कच्चा असतानाच लालबुंद होऊन बसतो. नवा बटाटा पाणी धरतो, त्याचं सारण सैल पडतं आणि वडा कढईत तोंड उघडतो. मिरचीचं तर काही विचारू नका. उन्हाचा ताण बसलेली मिरची एका हंगामात गिऱ्हाइकाला रडवते, आणि भरपूर पाण्यावर वाढलेली दुसऱ्या हंगामात निव्वळ हिरवी दिसण्यापुरती येते. नवा लसूण ओला असतो, जुना लसूण परवडत नाही. बेसनात वाटाण्याचं पीठ मिसळलेलं असलं तर वेष्टन चिवट होतं. पाववाला किंमत तीच ठेवून पाव लहान करतो, मग वडाही त्या मानाने आवरावा लागतो, नाहीतर तो पावातून चारही बाजूंनी बाहेर डोकावतो. म्हणजे कालचाच वडा आज करायचा तर कालचं प्रमाण आज चालत नाही. मीठ, मिरची, आच, भिजवणीतलं पाणी, सगळं रोज थोडं थोडं हलवावं लागतं, आणि हलवलंय हे गिऱ्हाइकाला कळता कामा नये.

"कळलं की गिऱ्हाईक गेलं," काका म्हणाले. "आणि नाही कळलं तर विचारतं, कंटाळा येत नाही का."

यानंतर मी दोन वडे घेतले. भूक नव्हती, पण तिथून निघायला काहीतरी निमित्त हवं होतं.

खरं सांगायचं तर या साऱ्या प्रकारात गमतीचा प्राणी गिऱ्हाईक आहे. म्हणजे आपणच. जानेवारीत वर्षाचे पैसे भरून फेब्रुवारीत जिमची वाट विसरणारे आपण. सलग तीन दिवस पहाटे फिरायला गेलो तर चौथ्या दिवशी नवे बूट घ्यायला जाणारे, आणि पाचव्या दिवसापासून ते बूट लग्नकार्यात घालणारे आपण. आपण काकांकडे लागोपाठ चार दिवस जातो, मग 'तेलकट नको' म्हणून दोन महिने फिरकत नाही, मध्ये समोरचे मोमो खाऊन येतो. पण दोन महिन्यांनी मनात येईल त्या मिनिटाला काका तिथेच, त्याच कढईमागे, त्याच चवीसह हजर असलेच पाहिजेत. नसले तर आपल्याला फसवल्यासारखं वाटतं. गुरुवारी टपरी बंद पाहून "आज का बंद?" असं तावातावाने विचारणारे गृहस्थ मी पाहिलेत, तेही समोरच्या इमारतीत जन्म काढलेले. आपल्या अंगी नसलेला नेम कुणीतरी आपल्या वतीने पाळावा यासाठी आपण वड्यामागे काही रुपये मोजतो. बटाटा, बेसन त्यात वरकड.

या दृष्टीने पुण्याच्या एक ते चारची विनाकारण चेष्टा झाली. दुपारी झोपणाऱ्या दुकानदारावर जगाने विनोद केले, पण त्यातली सोय कुणी पाहिली नाही. एक ते चार बंद म्हणजे एकला बंद आणि चारला उघडं. त्यावर घड्याळ लावता येतं. गाळा नंबर तीन दुपारभर उघडा असतो असं म्हणतात, पण मी गेलो तेव्हा शेठ आत्ता येणार होते. या दोन्हींत मला पहिला प्रकार केव्हाही चालेल. २०१७ साली चितळे बंधूंनी दुकान दुपारीही उघडं ठेवायचं ठरवलं, तर त्याची वर्तमानपत्रांनी बातमी केली. एखादं मिठाईचं दुकान दुपारी दोनला उघडं आहे ही छापण्याजोगी घटना ठरावी, एवढा नेम त्यांनी त्याआधी पाळलेला होता. आमच्या गाळ्याने उद्या रात्रभर शटर वर ठेवलं तरी फार तर वॉचमन चोर आले म्हणून शिट्टी वाजवेल. त्याच वर्षी राज्यात दुकानांचा नवा कायदा आला आणि १९४८ पासूनच्या जुन्या कायद्यातली दुकानाने आठवड्यातून एकदा बंद राहायची सक्ती संपली. सुट्टी कामगाराला द्यायची, दुकान वाटल्यास बारा महिने चालू दे. काकांना हे सांगितलं. ते म्हणाले, "दुकानात कामगार मीच. मालक देतो मला गुरुवारची."

ती गुरुवारची सुट्टीही ऐकून घेण्याजोगी आहे. त्या दिवशी कढई राखेने घासायची, बर्नर उघडून साफ करायचा, बटाट्याचं पोतं निवडायचं, लसूण सोलून ठेवायचा, चटणीचं खोबरं भाजायचं. हे सगळं काकू करतात. काका त्या दिवशी झोपतात. एरवीही पहाटे साडेचारला कुकर लावतात त्या काकूच, आणि सारणातलं मीठ चाखून 'हं' म्हणतात त्याही काकूच. पण 'काकांच्या हाताला काय चव आहे' असं सगळी पेठ म्हणते. काकूंसमोरही म्हणते. काकू नुसत्या सुटे पैसे मोजत राहतात. आपल्याकडच्या बहुतेक नेमस्त धंद्यांच्या मागे पहाटे साडेचारचा असा एक कुकर असतो, आणि तो फ्लेक्सवर कधीच छापला जात नाही.

काकांचं सगळंच मला पटतं असं नाही. मुलीच्या लग्नाच्या दिवशी त्यांनी सकाळची टपरी लावली, साडेनऊपर्यंत वडे काढले आणि मग कार्यालयात गेले. विहीणबाईंनी सीमांतपूजनापासून तीनदा विचारलं म्हणे, की नाश्त्याला वडे होते का, मग आमच्याकडे कसे नाही आले. वास येत होता तो वधूपित्याचा. लोक ही गोष्ट कौतुकाने सांगतात. मला वाटतं, त्या दिवशी पेठ एक सकाळ वड्यावाचून जगली असती.

काकूंच्या निमित्ताने बायकांचा विषय निघालाच आहे, तर पापडाचाही निघायला हवा. १५ मार्च १९५९ ला गिरगावात सात जणी गच्चीवर पापड लाटायला बसल्या. भांडवल उसने घेतलेले ऐंशी रुपये, पहिल्या दिवसाचा माल चार पाकिटं. त्यांचं पुढे 'लिज्जत' झालं. सुरुवातीला त्या दोन प्रतींचे पापड करत होत्या, एक चांगला आणि एक कमी दराने विकायचा जरा डावा. ज्यांनी पैसे दिले होते त्या छगनलाल पारेखांनी बजावलं, की पापड एकाच प्रतीचा करा आणि ती प्रत सोडू नका. मग पावसाळा आला. पापड वाळेनात. चार महिने काम बंद पडलं. आमच्या गाळ्याचा इतिहास याच मुक्कामी संपला असता : 'घरगुती अडचणीमुळे', तारीख नाही. त्या बायकांनी पुढच्या वर्षी एक खाट आणली, एक शेगडी आणली, खाटेवर पापड पसरले आणि खाटेखाली शेगडी पेटवली. बाहेर गिरगावात गुडघाभर पाणी का असेना, खाटेवर ऊन पडलेलं. एवढ्या साध्या युक्तीचं पुस्तक होत नाही, त्यावर कुणी व्याख्यानाला बोलावत नाही, पण धंदा पावसाळ्यातून पार होतो.

मुंबईच्या डबेवाल्यांना मात्र व्याख्यानाला बोलावतात. मावळ, खेड, जुन्नरकडची ही माणसं, महादू हावजी बच्चे यांनी १८९० मध्ये हे काम सुरू केलं, आणि आता मोठमोठ्या व्यवस्थापन संस्था टाय लावून त्यांना 'तुम्ही हे कसं करता' असं विचारतात. २००३ साली इंग्लंडचे युवराज चार्ल्स त्यांना भेटायला चर्चगेटला आले, तर भेट डब्यांच्या वेळा सांभाळून ठरवावी लागली. कुणाच्या घरची भेंडीची भाजी थांबू शकत नव्हती, राजघराणं थांबू शकत होतं. २०११ मध्ये अण्णा हजारेंच्या आंदोलनाला पाठिंबा म्हणून त्यांनी एक दिवस काम बंद ठेवलं, तर शतकाहून अधिक काळातला पहिला संप म्हणून त्याची नोंद झाली. पण मला त्यांची खरी थोरवी दिसते ती त्यांच्या सुट्टीत. गावच्या जत्रेसाठी ते उन्हाळ्यात सगळे मिळून काही दिवस गावी जातात आणि गिऱ्हाइकांना हे आधी कळवतात, तारखांसकट. गिऱ्हाईक कुरकुरतं, त्या आठवड्यात कँटीनचं खातं, आणि डबेवाले परत आले की डबा पुन्हा त्याच वेळी दारात ठेवतं. न सांगता एक दिवस बुडवलेला दुकानदार आणि सांगून आठवडाभर जत्रेला गेलेला दुकानदार, यांत बायका कुणाला शिव्या देतात ते घरोघर विचारून पाहावं.

आता गाळा नंबर तीनमध्ये नवा मुलगा आला आहे. मुलगा गुणी आहे. इंजिनिअर होता, नोकरी सोडली, वेगवेगळ्या स्वादांच्या कॉफीचं दुकान काढलंय. त्याने मोबाइलवर यशस्वी उद्योजकांचे एवढे रील पाहिलेत, की त्याला कन्सिस्टन्सीचं महत्त्व कुणी सांगायला नको. उलट तोच इतरांना सांगतो. रोज सकाळी तो एक रील करतो, 'माझा शंभर दिवसांचा प्रवास', त्यात रोज न चुकता दुकान उघडण्याचे फायदे समजावतो. रील चांगला व्हावा म्हणून उजेड बघतो, आवाज नको म्हणून शटर खाली घेतो. नंतर ते कापायचं, जोडायचं, खाली अक्षरं टाकायची, गाणं घालायचं. हे आटपेपर्यंत अकरा वाजतात. तोवर कॉफीसाठी आलेले दोन-चार जण बंद शटर पाहून पलीकडे काकांकडे वडा खात असतात आणि वडा खाता खाता त्याचा रील बघतात. लाइकही करतात. अठराव्या दिवसानंतर प्रवासाचे भाग येईनासे झाले, तेव्हा दुकान जरा लवकर उघडू लागलं. मला त्याच्याबद्दल थोडी आशा वाटायला लागली आहे. फ्लेक्सवाल्याला वाटत नाही.

काकांच्या घरातही नवं वारं आहे. मुलाने एमबीए केलंय आणि त्याचं मत आहे की माणसाने काळाबरोबर बदललं पाहिजे. त्याने चीज वडा, शेजवान वडा, आणि उपवासाचा वडा अशी पाटी काढवून आणली. काकांनी पाटी ठेवून घेतली. ती आता बेसनाच्या डब्यावर झाकण म्हणून असते, मापात बसली. मुलाची एकच गोष्ट काकांनी मानली, ती म्हणजे पैसे आल्याचं ओरडून सांगणारा तो छोटा डबा. तो बिचारा प्रत्येक वड्यामागे त्याच सुरात, न कंटाळता, न चिडता रक्कम सांगतो. काका म्हणतात, "एवढा एक पोरगा मला हवा होता."

परवा अमेरिकेतून आमच्याच इमारतीतला जुना शेजारी आला होता. लहानपणी आम्ही दोघं काकांच्या वडिलांकडे वडा खायचो, तेव्हा टपरीच्या जागी हातगाडी होती. सामान घरात टाकून तो आधी काकांकडे. पहिला घास घेतला, डोळे मिटले, बराच वेळ चावला, आणि मान हलवत म्हणाला, "काका, राग मानू नका, पण आता पूर्वीची चव राहिली नाही."

मला वाटलं काका उखडणार. ते उलट खूश झाले.

"माझ्या वडिलांना लोक हेच म्हणायचे," काका म्हणाले. "अगदी हेच. शब्दाशब्दाने. म्हणजे बरोबर जमलंय."

शेजाऱ्याने दुसरा वडा मागितला. तोही तसाच डोळे मिटून खाल्ला आणि कागद पुढे करून म्हणाला, "जरा जास्तीची चटणी घाला ना."

"तिचे पाच रुपये वेगळे," काका म्हणाले. "हे मात्र पूर्वी नव्हतं."